माझ्या पायांच्या मापाची गाडी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा माझे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते. ट्रेलरच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन तुम्ही मला स्टिअरिंग धरू द्यायचात, आणि गाडी बंद असायची, कारण जासईच्या कंटेनर यार्डाबाहेर सगळ्याच गाड्या तासन् तास बंद असायच्या. सुट्टीत आई डबा देऊन मला गव्हाणहून पाठवायची आणि संध्याकाळपर्यंत मी तुमच्याजवळ असायचो. तुम्ही गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून सुके बोंबील भाजताय, मागच्या गाड्यांमधले ड्रायव्हर वासावर येताहेत, आणि रांग काही हलत नाही. एकदा मी कंटाळून म्हणालो, गाव तर इथंच आहे, चला ना चालत घरी. तव्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "गाडी सोडून जायचा नाय. रांग हालली आन् आपन नसलो तं मागचे सगले माजा उद्धार करतीन." मी रडायला लागलो तेव्हा ओरडलात, "जा मंग एकटा. पन परत चढायला येऊ नको." मी कुठंच गेलो नाही.

शेवटच्या खेपेला तुमचे डोळे पिवळे झाले होते. आई सांगत होती, गाडी कुणाच्या तरी हवाली करा आणि दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, एवढा माल टाकतो न् येतो. रांगेतच बसून राहिलात, अंगात ताप, डोक्याला ओला पंचा. माल टाकलात, घरी आलात, आणि मग उठलाच नाहीत. बाबा, मला कितीतरी वर्षं दुःख झालंच नाही, फक्त राग येत राहिला. इतकी साधी गोष्ट होती. दार उघडायचं आणि खाली उतरायचं.

माझा तापट स्वभाव तुम्ही पाहिला नाहीत, तो नंतर आला. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला सरांनी वर्गासमोर माझं ड्रॉइंग फाडलं, मी त्यांचं टेबल उलटं केलं. माफी मागितली असती तर कॉलेज परत घेणार होतं. नाही मागितली. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, मग एक दिवस ताट वाढताना एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला उतरता येत नव्हतं, आन् तुला बसता येत नाय."

त्यानंतर उलव्याला एका शेडमध्ये कामाला लागलो. मालक मॉलसाठी मोठमोठ्या शोभेच्या वस्तू बनवून द्यायचे, कधी कागदी हत्ती, कधी थर्माकोलचा किल्ला. यंदा पनवेलजवळच्या एका मॉलला खरीखुरी बसता येईल अशी लाल स्पोर्ट्स कार हवी होती, मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची, आणि ती पेडल मारून चालली पाहिजे. तुम्ही बाजारातून मला एकदा बादलीभर ठोकळे आणले होते, आठवतं? ते पाहून आई म्हणाली होती, पोराला चप्पल नाही आणि हे काय. या गाडीला तशा शेकडो बादल्या लागल्या. आत लोखंडी सांगाडा, सायकलची चाकं, सायकलचीच चेन, आणि वरून ठोकळ्यावर ठोकळा, प्रत्येक थर सोल्युशनने चिकटवलेला. बॉनेटचा उतार जमेना. चौकोनी तुकड्यांतून गोलाई काढायची म्हणजे प्रत्येक थर जरासा मागे सरकवत न्यायचा, आणि एक थर चुकला की वरचे सगळे चुकतात. हे डिझाइन जिनं केलं होतं तिच्यासाठीच मी रोज अर्धा तास लवकर यायचो.

ती खारघरहून स्कूटीवर यायची. डिझाइनचा कोर्स झालेला, नोकरीसाठी अर्ज टाकलेले, तोपर्यंत हे काम. सीट आणि पेडल यांच्यामधलं अंतर ठरवायचं होतं तेव्हा ती टेप घेऊन म्हणाली, "तूच बस. चालवणार कोण आहे दुसरं? तुझ्याच मापाची करू." मी उलट्या क्रेटवर पाय पुढं करून बसलो. तिनं कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच मोजली. "हलू नको ना. बोटभर चुकलं तर तुझेच गुडघे फुटतील, मला काय." बाबा, माझं माप आजवर शिंप्याशिवाय कुणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी चालत गेलो.

पुढं शेडमधल्या एका कामगारानं तिच्या पाठीमागे मला विचारलं, "काय, वहिनी आज उशिरा?" मी हातातलं अख्खं मडगार्ड त्याच्या दिशेनं फेकलं. त्याला लागलं नाही, भिंतीवर फुटलं. ती दारातून आत येतच होती. खाली बसून तुकडे गोळा करायला लागली, लांबट वेगळे, आखूड वेगळे. मीही बसलो. ढीग निवडून झाल्यावर म्हणाली, "राग आला की आधी हातातलं खाली ठेवत जा. मग काय बोलायचं ते बोल." मी म्हणालो, मला बोलता येत नाही. ती म्हणाली, "फेकता येतं तेवढं." आणि हसली. त्या दिवशी ठरवलं की हिला सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू करत गाडी पूर्ण होत आली, आणि तिला बंगळुरूची नोकरी लागली.

उद्घाटनाच्या दिवशीच तिची बस होती, संध्याकाळी कळंबोलीहून. मी आदल्या दिवशी म्हणालो, "निघायच्या आधी मॉलमध्ये वर कॉफी घेऊ. मला एक सांगायचंय." ती म्हणाली, "सांग की आता." मी म्हणालो, आता नाही. पाहुणे दुपारी यायचे होते, फीत कापून झाली की मी मोकळा. पण या गाडीला उघडझाप होणारं दार नाही. मी आत बसलो की डाव्या बाजूचा तुकडा बाहेरून दाबून बसवतात, मग फक्त माझं डोकं वर दिसतं. मालकांनी तो बसवला आणि म्हणाले, "आता हलायचं नाही. पाहुणे आले की राऊंड मारायचा." पाहुणे आले नाहीत. ट्रॅफिकमध्ये आहेत, मग निघालेत, मग पोचतायत. मालकांना म्हटलं, पाच मिनिटं काढा मला. "वेडा झालास का? काढताना कड तुटली तर मॉलवाले पैसे देतील का? बस गप." लोक जमत गेले. एक मुलगी आईला विचारत होती, "मम्मा, हे अंकल आत अडकलेत का?" आई म्हणाली, "नाही गं, त्यांचं कामच आहे ते." मानेवर घाम, गुडघे वर, हात पोटाशी. बाबा, तेव्हा मला तुमची केबिन आठवली, आणि पहिल्यांदाच तुमच्यावर राग आला नाही.

ती आली तेव्हा पाठीवर सॅक होती. गर्दीतून वाट काढत दोरीखालून आत आली आणि गाडीशेजारी उकिडवी बसली, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर आली. "कॉफी गेली आपली," ती म्हणाली. "बस सुटेल माझी. काय सांगायचं होतं?" मी तिच्याकडे बघितलं. आजूबाजूला मुलं, मोबाइल, मालक कानाला फोन लावून उभे. मी म्हणालो, "उजवं पेडल घासतंय." तिनं कान गाडीला लावला. "मार बघू." मी पेडल मारलं. तिनं नीट ऐकलं, आणि मग हळूच म्हणाली, "नाही घासत रे." कान गाडीवरून काढला. "अजून काही?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं बॉनेटवर दोन बोटं टेकवली आणि उठली. ती सरकत्या जिन्यावरून खाली जाईपर्यंत मला तिची सॅक दिसत होती. पाहुणे त्यानंतर आले. मी राऊंड मारला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अजून दर शनिवार-रविवार मीच चालवतो, दुसऱ्या कुणाचे पाय त्यात बसत नाहीत. तिचा एकदा मेसेज आला, गाडी कशी आहे. मी लिहिलं, चालू आहे. मित्र तिच्याबद्दल विचारतात तेव्हा सांगतो, अरे, मला आत चिणलंच होतं, करणार काय. आईलाही तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तुमच्या फोटोकडे बघितलं.

हे पत्र पाकिटात घालून पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट राहिली आहे. ती सगळी गाडी सोल्युशनने चिकटवलेली आहे, बाबा, पण तो डावीकडचा तुकडा नाही. तो नुसता दाबून बसवलेला असतो. ती उठून उभी राहिली तेव्हा मी त्याला आतून गुडघा लावला होता. तो हलला. मग मी गुडघा मागे घेतला.