टाकी उंच का असते

३ फेब्रुवारी
पाणी शुद्ध करायच्या केंद्रात लागून दोन महिने झाले. काम काय, तर फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायची. आज साहेब म्हणाले, "तिसरीची पोरं आलीत सहलीला. तुला बडबडायला आवडतं ना? फिरव त्यांना." मी सातवीत शाळा सोडली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगायला गेले नाही.

चाळीस पोरं. गाळ खाली बसतो तो हौद दाखवला, वाळूची गाळणी दाखवली. इथवर ठीक — पंपवाले काका डबा खाताना रोज हेच ऐकवतात. मग झाडावर एक भलंमोठं मधमाश्यांचं पोळं दिसलं. पाणी राहिलं बाजूला, दहा मिनिटं आम्ही सगळे माना वर करून उभे. त्यांच्या बाईंनी हाका मारून भानावर आणलं.

शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी, कमरेवर हात. वकीलच. "ताई, टाकी एवढी उंच का?"

माहीत नव्हतं. चाळीस तोंडं माझ्याकडे. म्हणाले, "उन्हाच्या जवळ राहावी म्हणून. पाणी तापतं, जंतू मरतात." चाळीस पेन्सिली एकदम चालायला लागल्या. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय — जन्मात पहिल्यांदा! अंगावर मूठभर मांस चढलं.

४ फेब्रुवारी
काकांना सांगितलं. पोट धरधरून हसले. "अगं, टाकी उंच असली की पाणी आपल्याच जोराने नळापर्यंत जातं. ऊन कसलं घेऊन बसलीस?" जाऊ दे. पोरं विसरतील.

१९ फेब्रुवारी
नाही विसरली.

पोरांच्या बाई स्वतः फाटकावर आल्या, सहलीवरच्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. एकतीस जणांनी ऊन लिहिलंय. चित्रासकट — टाकी, वर सूर्य, खाली उताणे पडलेले जंतू. चित्रं मात्र झकास. बाईंनी चूक दिली, तर वकील उभी राहिली म्हणे: "तिथे ताई काम करतात. तुम्ही नाही करत."

शाळेच्या मोठ्या बाईंना आयतं सापडलं. "हेच शिकून येणार असतील तर सहली बंद. वर्गात बसवा." परवा ठरणार आहे.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "तीन वर्षं मागे लागले, तेव्हा कुठे ही पहिली सहल मिळाली होती."

२० फेब्रुवारी
पिशवी भरली. पसार होण्यात माझा हात कुणी धरणार नाही — छापखाना, रोपवाटिका, मावशीचं घर, सगळीकडून अशीच निघाले. बसथांब्यावर नळ होता, म्हटलं पाणी पिऊन घ्यावं. धार अशी जोरात की बाही भिजली. टाकी इथून दिसतसुद्धा नाही, मग एवढा जोर येतो कुठून? नळ उघडत-मिटत बघत राहिले. बस गेली.

२१ फेब्रुवारी
काकांची बादली आणि रबरी नळी घेऊन शाळेत गेले. तिसरीच्या बाकात गुडघे मावेनात. मोठ्या बाई पुढच्याच बाकावर, हाताची घडी घालून. उठून म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मला येत नव्हतं."

वकील: "मग तसं का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"आम्हाला तर रोजच काही ना काही येत नाही," ती म्हणाली.

बादली टेबलावर ठेवली — नळीतून मरतुकडी धार. मग टेबलावर खुर्ची, खुर्चीवर बादली. धार सुसाट सुटली ती थेट मोठ्या बाईंच्या चष्म्यावर. वर्ग लोळायचा बाकी राहिला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसला आणि निघून गेल्या. निस्तरायला गेले होते, निकाल लावून आले.

२५ फेब्रुवारी
साहेबांच्या नावे मोठ्या बाईंचं पत्र. सहली चालू! लिहिलंय, "चूक कबूल करायला येते, तिच्याकडे मुलं पाठवायला हरकत नाही." बुधवारी तीच पोरं येतायत, दुसरीच्या वर्गाला केंद्र दाखवायला. माहिती पोरंच सांगणार. मी वही-पेन्सिल घेऊन दुसरीबरोबर उभं राहायचं. नंतर चाचणी आहे — माझा पेपर वकील तपासणार.