आजार आढळला नाही

दि. ४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. रुग्णालयात मी नक्की काय करते, असं तू नेहमी विचारतेस. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला जगभर ठरलेला एक क्रमांक असतो, तो मी लावते. सध्या जुन्या मनोरुग्णालयाच्या फायली आल्यात. जुन्या यादीतले क्रमांक काढून नव्या यादीतले घालायचे. काल त्यात तुझी फाईल निघाली. आई तर सांगायची की तेव्हा तू हवापालटाला गेली होतीस!

तुझ्या नावापुढच्या क्रमांकाचा अर्थ, बाईचं बाईवर प्रेम असणं. जुन्या यादीत तो आजार होता, नव्या यादीतून तो काढून टाकलाय. मग मी काय घातलं असेल? ‘संशयावरून देखरेखीखाली ठेवले, आजार आढळला नाही’ याचा क्रमांक! मावशी, आता तू कागदोपत्रीही ठणठणीत. बक्षीस म्हणून एक ड्रेस शिवून दे.

मास्तरीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो ड्रेसएवढा वाढव.

तुझी,
चिमणी


दि. ९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद वर लिहिला तो रीत म्हणून. आज मनातून निघत नाहीये.

कुणाला विचारून पुसलंस? देखरेख म्हणे! विजेचे झटके दिले मला. बाहेर आले तेव्हा मागची दाढ फुटलेली होती, आणि फाटकाशी जी माझी वाट बघत उभी होती तिचं नाव मला आठवेना. ती म्हणजे मास्तरीण. म्हणाली की हरकत नाही, नव्यानं ओळख करून घेऊ. माझा उजवा हात तेव्हापासून कापतो. शिंपीण आहे मी, आणि माझ्या सुईत दोरा ती ओवते. तुझी आई मात्र अजून तिला माझी भाडेकरू म्हणते.

तो आजार खोटा होता हे मला तुझ्या यादीनं सांगायला नको. पण मला तिथे कशासाठी डांबलं, हे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आता काय दिसतं? एक धडधाकट पोरगी उगाच जाऊन राहिली. चोराच्या पाऊलखुणा पुसून वर बक्षीस मागतेस? शहाणीच आहेस!

आधी होतं तसं कर. आणि मला दाखल करताना फायलीवर सही कुणी केली ते बघ. मग आईला विचार, हवापालट कसला.

तुझी (अजून तरी),
मावशी


दि. १५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सही पाहिली. आईची आहे.

तिला विचारलं. आधी म्हणाली की कसली सही. मग म्हणाली की लोक बोलत होते, तिच्या भल्यासाठीच केलं. शेवटी माझ्यावरच डाफरली की गाडलेली मढी कशाला उकरतेस. मी ताटावरून उठले. आई असली म्हणून काय झालं, मला तिचा संताप आलाय.

जुना क्रमांक परत घातला. साहेब म्हणाले की मेलेल्या फायलींवर वेळ घालवू नकोस. मी सांगितलं की ही फाईल जिवंत आहे, कपडे शिवते.

अजून एक. उपचारांमुळे झालेल्या इजेलाही यादीत क्रमांक आहेत. तुझा हात, तुझी दाढ, तुझी गेलेली आठवण. पण ते मी आपल्या मनानं लावू शकत नाही. आज एखाद्या डॉक्टरनं तुला तपासून तसं लिहायला हवं. येशील?

चुकले गं. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

चिमणी


दि. २८ जून

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी मनापासून.

जाऊन आले. रुग्णालयाच्या पायरीवरून परतच फिरत होते. मास्तरणीनं दंड धरून आत नेलं. डॉक्टर तुझ्याच वयाची पोर. तिनं हात पाहिला, दाढ पाहिली, सगळं ऐकून घेतलं. सोबत कोण आहे, असं विचारलं. मी सांगितलं की जोडीदार. डॉक्टरनं तेच लिहिलं. तिथे कुणी नेलं होतं, असंही तिनं विचारलं. माझ्या ताईनं, म्हणून सांगितलं. तेही लिहिलं.

राग गेला का म्हणशील, तर नाही. घरी येईपर्यंत वाढलाच.

काल तुझ्या आईचं पत्र आलं. गुडघे दुखतात, भाडेकरू बऱ्या आहेत ना, आणि शेवटी एक ओळ, झालं गेलं विसर, माफ कर. मी ते परत पाठवलं. तिला सांग, विसरण्याचं काम झटके देणाऱ्यांनी केव्हाच करून ठेवलंय. माफीचं मग बघू. आधी तिनं माझ्यासमोर बसावं, आणि मला घरातून कसं नेलं, काय खोटं सांगून गाडीत बसवलं, मी रडले का, तिचा हात धरला होता का, ते सगळं तिच्या तोंडानं सांगावं. त्या सकाळचं मला काही आठवत नाही. ती सकाळ आता फक्त तिच्याकडे आहे, आणि ती माझी आहे.

तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे.

तुझी,
मावशी