कॅनमधलं हलकं पाणी

२ सप्टेंबर, सोमवार
मूत्रपिंडात खडा. डॉक्टरणीने फोटोत दाखवला, तांदळाएवढा. रोज तीन लिटर पाणी प्या, मांसावर मीठ कमी घ्या, म्हणाली. पाण्याचं ऐकलं. मिठाचं तिला काय कळतं, शहरातली बाई.
घरी किटलीत बघितलं. तळाशी पांढरा थर, नखानं निघत नाही. म्हणजे हाच थर माझ्या पोटात. ती आठ वर्षं शिकली, मला पाच मिनिटांत कळलं. बायकोला, झुल्मिराला, सांगितलं तर म्हणते, मीही त्याच किटलीचं पिते, मला कुठे झालाय खडा. हिला वाद घालायला विषय लागतो.

४ सप्टेंबर
लॅबमध्ये नेहमीचं. एकतीस वर्षं बाटल्या धुतोय, पाणी भरतोय. शाळा चौथीपर्यंत, पण लॅब माझ्यावर उभी आहे.
पीएच.डी. करणारी जांदिरा सकाळपासून उंदराच्या आंडांवर वाकलेली. तिचं म्हणणं, मेंदूतून हार्मोन येतं, आंडातल्या पेशीचं दार ठोठावतं, मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि बीज पोसायचं काम सुरू होतं. ते कॅल्शियम बाहेरून शिरतं की पेशीच्या घरातच साठलेलं असतं, एवढंच सिद्ध करायचंय. त्याला चार वर्षं. मी कुरणावर वाढलो, नऊ वर्षांचा असल्यापासून बैल खच्ची केले. आंड काढलं की बैल गरीब होतो. अजून काय कळायला हवं.
तिची स्कॉलरशिप ३० नोव्हेंबरला संपते. तोवर प्रबंध दिला नाही तर परत बापाच्या बेकरीत. म्हटलं, पोरी, मी आहे ना.

११ सप्टेंबर, सकाळी ७.१०
उपाय सापडला. लॅबमधल्या माझ्याच खोलीत, डोळ्यांसमोर. प्रयोगांसाठीच्या डिस्टिल्ड पाण्याचा वीस लिटरचा कॅन. थर नाही की काही नाही. थर्मास भरला, कडू पाल्यावर ओतून माटे केला. काय हलका लागतो. साठ वर्षं माटे प्यालेली जीभ आहे, तिला फरक कळतो.
यंत्र मात्र थेंब थेंब गाळतं, त्याची वाट कोण बघणार. जेवढं घेतो तेवढं नळाचं ओततो. पाण्यात पाणी. यासाठी कोणाला विचारत बसायचं?

२० सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी माटेचं रिंगण, एकच पोकळ भोपळा, एकच नळी, सगळ्यांत फिरते. भोपळा माझ्या हातात, पाणी माझं. उत्तरेकडचा कोणी पाहुणा प्राध्यापक आला होता. पहिलाच भोपळा परत देताना धन्यवाद म्हणाला. मग त्याला वगळलं. शेवटपर्यंत आशेनं नळीकडे बघत बसला. भोपळा देताना धन्यवाद म्हणजे पुरे, तुमच्या हातचं आता नको. आमचं शेंबडं पोरही हे जाणतं. शिकलेल्यांचं हे असं.

१ ऑक्टोबर
जांदिराचा चेहरा उतरलेला. तिच्याकडे एक रंग आहे, पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकतो. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात पेशी ठेवल्या, हार्मोन दिलं, तरी चमकल्या. ऑगस्टमध्ये हेच केलं तेव्हा काळोख होता. मला विचारते, काका, बाटल्या नीट विसळता ना. मला. एकतीस वर्षं.
म्हटलं, पोरी, रंग बदल.
संकल्प : हे कॅल्शियम कुठून येतं ते मी शोधणार.

१४ ऑक्टोबर
रंग बदलला, मिठं बदलली, हार्मोनची नवी बाटली आली. चमक कायम. उंदरांचा खुराक मी स्वतः चाखून बघितला. त्यात काही नाही.
ती जिन्यात रडत होती. भोपळा पुढे केला, प्याली, डोळे पुसले. पाणी हलकं असलं की बरं वाटतं. मी रोज चार थर्मास संपवतो. लघवी उत्तम.

२५ ऑक्टोबर
लॅबच्या मुख्य इवोनीबाई म्हणाल्या, ही चूक नाही, हा शोध आहे. कॅल्शियम बाहेरून येतच नाही, पेशीच्या घरातलंच आहे. ऑगस्टचा काळोख हीच चूक, फाडून टाक ते कागद. जांदिरा महिन्याभरात पहिल्यांदा हसली.
मला आधीपासून असंच वाटत होतं. बोललो नाही एवढंच. आता प्रबंधात आभाराच्या पानावर माझं नाव येणार.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
शोधाची पार्टी. मागच्या अंगणात निखारे, बरगड्या, मीठ मी सढळ हातानं. मग रिंगण.
बाईंनी विचारलं, अनाक्लेतो, हल्ली तुमचा माटे एवढा हलका कसा. लपवायचं काय त्यात, सांगितलं, कॅनमधलं घेतो, डिस्टिल्ड.
जांदिरा म्हणाली, मग काका, कॅन कधी रिकामा कसा दिसत नाही.
म्हटलं, रिकामा होऊ देईन होय. घेतो तेवढं नळाचं ओततो. सप्टेंबरपासून.
बरगड्या करपल्या, कोणी उलटल्या नाहीत. बाई आत जाऊन कॅनमध्ये कसलीशी कांडी बुडवून आल्या. म्हणाल्या, आपल्या बोअरच्या पाण्यात पेशींना पुरून उरेल एवढं कॅल्शियम आहे. म्हटलं, तेच तर सांगतोय, म्हणून मी ते पीत नाही.
जांदिराने भोपळा परत दिला. अर्धा भरलेला. धन्यवाद काका, म्हणाली.
शिकलेली पोर आहे. नुसतंच म्हणाली असेल.

१८ नोव्हेंबर
कॅनला कुलूप. चावी जांदिराकडे. पहाटे येते, सगळं पुन्हा करते. कॅल्शियम नाही तर काळोख, घातलं की चमक. म्हणजे बाहेरूनच शिरतं. ऑगस्टचे कागद तिने फाडलेच नव्हते, वहीत दडवले होते. पोरीला माझं वळण लागलंय.
शुक्रवारी रिंगण भरलं नाही. सगळ्यांना कामं.

२९ नोव्हेंबर
प्रबंध दिला, एक दिवस आधी. आभाराच्या पानावर बाई आहेत, आईबाप आहेत, उंदीरसुद्धा आहेत. मी नाही. पण पान ४१ वर एक ओळ आहे : प्रत्येक प्रयोगाआधी पाणी तपासून घेतलं. ती माझ्यावरच लिहिलीय.
डॉक्टरणीकडे गेलो. खडा तेवढाच. पुन्हा मिठाचंच बोलत होती.
दुपारी माटे केला. एकट्यानंच प्यालो. नळाचं पाणी.
चव तीच.