माकुंग ते चीमेई, पंधरा मिनिटं

१४ जानेवारी

आजही नाही! माकुंगच्या विमानतळावरच्या फळ्यावर तिसऱ्या दिवशी तेच — चीमेई, रद्द. कारण वारा. बोटही बंद. आमच्या बेटापर्यंत पन्नासेक किलोमीटर समुद्र, विमानाने पंधरा मिनिटं. पट्टा बांधून बसेपर्यंत उतरायची वेळ होते. आणि तेवढ्यासाठी मी इथल्या इस्पितळात मरणाच्या दारात असलेल्या आईला 'उद्या घरी नेते, उद्या नेते' करत झुलवतेय.

१५ जानेवारी

वारा पडला. विमान गेलं. आम्ही इथेच.

काउंटरवर युए-चिन होती, शाळेत माझ्या वर्गात होती ती. एकोणीस जणांचं विमान, माणसांनासुद्धा काट्यावर उभं करून वजन घेतात. म्हणाली, "मावशींना उभं राहता येतंय का? नाही ना? मग डॉक्टरांची चिठ्ठी आण."

"तुझी आई असती तर?"

"तिच्यासाठीही चिठ्ठीच मागितली असती."

एवढी चीड आली! तशीच इस्पितळात परत आले नि डॉ. काओंना गाठलं. यकृत संपलंय, आठवडा निघेल न निघेल, हे त्यांनीच सांगितलेलं. मग पंधरा मिनिटांनी असं काय बिघडणार आहे? "मी सही करणार नाही," एवढंच. कारण विचारलं तर नजर खाली. स्वतःला समजतात कोण?

१६ जानेवारी

चीमेईहून दादाचा फोन. "पुढच्या खोलीत तिला निजवायला फळी टाकलीय, बाबांच्या फोटोसमोर. तिचा शेवटचा श्वास घरातच गेला पाहिजे. बाहेर गेला तर आपल्या रीतीप्रमाणे तिला उंबरठ्याच्या आत घेता येणार नाही, ठाऊक आहे ना? एवढं एक काम होत नाही तुझ्याच्याने?"

माझ्याच्याने! महिनाभर इथे खुर्चीत झोपतेय कोण?

"काल विमान उडलं," मी म्हटलं. "ते तिकडूनही येतं. तू का नाही बसलास?"

"जाळी टाकलीत. तुला काय कळणार त्यातलं?"

फोन आपटला. आईच्या कानाशी जाऊन म्हटलं, काहीही करीन, पण तुला घरी नेईन. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. वाटलं, तीही माझ्यावरच रागावलीय.

१७ जानेवारी

काओंविरुद्ध तक्रार लिहिली. दोन पानं भरून. उद्या वरच्या साहेबांच्या हातात.

१८ जानेवारी

तक्रार दिली नाही.

सकाळी कागद घेऊन निघाले, तर आईने पदराला धरावं तसं माझ्या कोटाला धरलं. "त्या डॉक्टरांना काही बोलू नकोस. सही करू नका म्हणून मीच त्यांना हात जोडले. तुम्हाला सांगायची हिंमत होईना."

"का गं?"

"सत्तावन्न वर्षं काढली त्या घरात. सगळं केलं. आता मला माहेरी राहू दे."

आई माकुंगची. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण तुला कुठे राहायचंय, हे तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.