डंकनच्या गोळ्या

गोर, साउथलंड

प्रिय डंकन,

दोन वर्षांपूर्वी मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये तुझ्या या थोरल्या बहिणीनंच तुला झापलं होतं, "आतड्याच्या सुजेसाठी गोळ्या घेऊन प्रतिकारशक्तीच दाबतोस? वेडा आहेस का?"

"बाई, शाळा सुटली आता," तू हसलास. पण गोळ्या बंद केल्यास.

तीस वर्षं जीवशास्त्र शिकवूनही मी लक्षात घेतलं नाही, की तुझी प्रतिकारशक्ती तुझ्याच आतड्यावर उलटली होती. सूज धुमसत राहिली आणि तिथेच कॅन्सर झाला.

काल इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणी थांबवायला सांगितल्या?"

"कोणी नाही. माझाच आळस."

ते तुला रागावले. मी तुझं पांघरूण सारखं करत राहिले.

ते गेल्यावर तू हळूच म्हणालास, "ताई, जन्मात पहिल्यांदा गप्प बसलीस!"

तुझी,
एल्स्पेथ