उजेड बघण्यापुरती

केशोरी,
रविवार, २ फेब्रुवारी २०१४

प्रिय कुंते,

तुझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार, भाऊजींना उभ्यानेच, आणि तुला पाठीत एक धपाटा. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली फळीवर ठेवून तिच्याकडे नुसती बघतेस? माझी तब्येत उत्तम आहे. (हे मी सगळ्यांनाच सांगते. तुला म्हणून सांगते, कंबर दुखते.) फोन न करता पत्र कायले लिहून राहिली, असं तू म्हणशील. आमच्या घरी मोबाइलला रेंज येते ती अंगणातल्या पेरूखाली, आणि तिथंही ओरडून बोलावं लागतं. मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तू दिवाळीत मला एक विचारलं होतंस. तुझे मोठे दीर गोवर्धनजी, त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा भिलाईला नोकरीवर, घरात ते एकटे. तर तुझा एक फोटो पाठव, मी सहज दाखवते, असं तू म्हणालीस. मी 'बघते' म्हणाले. त्याला तीन महिने झाले, मी अजून बघूनच राहिले. ते उत्तर या पत्रात आहे. पण मला एकदम तिथं जाता येत नाही, तेव्हा आधी आमच्या रिंकीच्या फोटोंची हकीकत ऐकून घे.

रिंकी म्हणजे बिसनलालदादाची मुलगी. नोकरीसाठी पुण्याला जाईपर्यंत माझ्याच खोलीत झोपायची. परवा वसंत पंचमीला तिची सगाई आहे. मुलगा गोंदियाचा, लोकेंद्र, नोकरीला तोही पुण्यातच. डिसेंबरात तिचा फोन आला की सगाईआधीचे फोटो आता स्टुडिओत काढत नाहीत, बाहेर मोकळ्यावर काढतात, आणि जागा अशी पाहिजे की तिला काही अर्थ असेल. ते ऐकून दादा म्हणाला, "फोटोले अर्थ कायले पाहिजे? उजेड पाहिजे." वहिनींना वाटलं, नव्या ट्रॅक्टरपुढे काढावेत. मुलाच्या वडिलांनी आपल्या दुकानाची पाटी सुचवली (ती नुकतीच रंगवली आहे म्हणे). शेवटी काम माझ्याकडे आलं. आत्याला लग्न नाही, संसार नाही, म्हणजे तिला वेळच वेळ. शिवाय जनगणनेत आणि तीन निवडणुकांच्या ड्युटीत मी अर्धा तालुका पायी फिरले आहे.

मी रिंकीला विचारलं, तुम्ही दोघं भेटलात कुठं कुठं? तर एकदा आमच्या बैठकीत पोह्यांच्या बशा घेऊन, दोनदा पुण्यात हॉटेलात, आणि एकदा गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर, गाडी लेट झाली म्हणून चाळीस मिनिटं. मी म्हटलं, मग प्लॅटफॉर्मच घ्या. "आत्या, काही पण बोलते तू!" असं म्हणून ती हसली. मला मात्र खरंच वाटत होतं. चाळीस मिनिटं कोणी आपल्या शेजारी बाकावर बसून राहिलं, याहून जास्त अर्थ मी तरी कुठं पाहिलेला नाही. मग नागऱ्याचं शिवमंदिर ठरलं. मी आधी जाऊन बघून आले, तर तिथं तीन जोड्या फोटोसाठी नंबर लावून उभ्या होत्या, आणि तिसऱ्या जोडीतला मुलगा कंटाळून दुसऱ्या जोडीच्या फोटोत हसत होता.

तेव्हा मी माझी जागा दिली. तुला ती माहीत नाही, कोणालाच माहीत नव्हती. आमच्या गावापुढे जुना तलाव आहे, त्याच्या पाळीवर वळणापाशी दोन ऐनाची झाडं आहेत आणि मध्ये एक सपाट दगड. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटली की मी तिथं बसून डबा खाते. घरी कोणी वाट बघत असतं असं नाही, त्यामुळे घाई नसते. हिवाळ्यात पाण्यावर बदकं येतात. बारा वर्षं मी तिथं जाते. रिंकीला फोनवर हे सगळं सांगितलं नाही, छान जागा आहे एवढंच म्हटलं. तेवढं सांगितल्यावरही दोन दिवस उगीच चुकल्यासारखं वाटत राहिलं, आपली पेटी दुसऱ्याने उघडल्यावर वाटतं तसं.

अठरा जानेवारी ठरली. मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि सातला पाळीवर हजर. फोटोग्राफर तिलक, गोंदियाचा, तिशीतला, हिंदी-मराठी एका वाटीत कालवून बोलणारा, तोही वेळेवर. बाकी कोणीच नाही. रिंकीचं पार्लर उरकलं नव्हतं, लोकेंद्रची गाडी पंक्चर. तिलक म्हणाला की ही कोवळी धूप आठच्या पुढे टिकणार नाही, ते येईपर्यंत आपण सेटिंग करून ठेवू, दीदी, तुम्ही जरा उभ्या राहा, उजेड बघतो. मी राहिले. पण रिंकी माझ्याहून चार बोटं उंच, म्हणून त्याने कुठून तरी दोन विटा आणून माझ्या पायाखाली दिल्या. मग नवरदेवाच्या जागी एक बांबू रोवला, लोकेंद्रच्या उंचीवर त्याला आडवी काठी बांधली, तिच्यावर आपला दुपट्टा पसरला आणि वर स्वतःचं हेल्मेट ठेवलं. दोन पावलं मागं जाऊन बघितलं आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाला, "दीदी, जीजाजी के थोड़ा पास."

कुंते, मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, चौथीच्या वर्गाला नुसत्या भुवईने गप्प करते. मी त्या बांबूजवळ सरकले आणि मला लाज वाटली. खरी लाज, कान गरम होणारी. (थंडीमुळे असेल असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.) तिलक म्हणाला, हात ठेवा खांद्यावर. ठेवला. तिलक म्हणाला, त्यांच्याकडे बघा. बघितलं. हेल्मेटच्या काचेत मला माझाच चेहरा दिसला, सुपारीएवढा, आणि मागं सगळा तलाव. मला हसू आलं, आणि त्याने नेमका तेव्हा फोटो काढला.

तेवढ्यात सुमित्राबाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन पाळीवरून आली. तिचा नातू माझ्या वर्गात आहे. ती थांबली, मोळी न उतरवता बांबूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, पाहुना भलताच बारीक हाये जी. खात नाही का काही?" मी म्हटलं, हा पाहुणा नाही, उजेड बघून राहिलो. "बघा जी, बघा," ती म्हणाली, "आमी कोनाले नाही सांगत." तिने कोणाला सांगितलं नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत फक्त बाजारचौक, पिठाची गिरणी आणि आमच्या वहिनी एवढ्यांनाच कळलं. सोमवारी वर्गात एका पोराने विचारलं, मॅडम, तुमच्या लग्नात जेवण हाय का?

साडेनऊला रिंकी आणि लोकेंद्र दोन गाड्या भरून माणसांसह आले. ऊन कडक झालं होतं, बदकं उडून गेली होती. रिंकी उंच टाचांवर तोल सावरत पाळीवर चढली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "आत्या, इथं काय आहे?" तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं गं, खरंच विचारत होती. मी म्हटलं, पाणी आहे. अजून काय सांगणार? मी इथं डबा खाते, असं सांगायचं का? तिलकने चार फोटो काढून मान हलवली. शेवटी सगळे खाली रस्त्यावर गेले आणि लोकेंद्रच्या गाडीला टेकून फोटो काढले. त्यातला जो सगळ्यांना पसंत पडला आणि आता मोठा करून मांडवाच्या दारात लागणार आहे, तो फोटो फार सुंदर आलाय, फक्त दोघांच्या डोक्यामागं पाटी वाचता येते: 'पुढे पाणी खोल आहे. सावध राहा.' मुलाचे वडील म्हणाले, राहू द्या, सल्ला चांगलाच हाय.

सगळे गेल्यावर विटा मी जाग्यावर नेऊन ठेवल्या आणि दगडावर बसून डबा खाल्ला. जागा परत माझी झाली याचा आनंद व्हायला पाहिजे होता. तो काही झाला नाही. बांबू तिलक विसरून गेला होता, तो तसाच उभा होता, हेल्मेटशिवाय. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं मनात आलं, म्हणून मी लवकर उठले.

काल तिलक अल्बम घेऊन घरी आला होता. जाताना फाटकापाशी त्याने एक पाकीट माझ्या हातात दिलं. "दीदी, ये आपके. टेस्टचे आहेत, डिलीट करणार होतो, मन नाही झालं." तुला आठवतं, मी चोवीस वर्षांची असताना गोंदियाच्या स्टुडिओत रंगवलेल्या धबधब्यापुढे माझा फोटो काढला होता? तो अकरा घरी गेला आणि अकराही घरांहून परत आला. त्यानंतर मी एकटीचा फोटो काढलाच नाही. जनगणनेचं ओळखपत्र सोडून, आणि त्यात मी दरोडेखोर दिसते.

परवा सगाई, मग रिंकी पुण्याला. तिच्या खाटेवर बियाण्याची पोती ठेवू, असं दादा म्हणतो. घरच्यांना माझा नमस्कार सांग, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
रविता

ता. क. सोबत एक फोटो आहे. गोवर्धनजींना दाखव. सहज नको दाखवूस, मी पाठवलाय असं सांगूनच दाखव. पायाखाली विटा आहेत, मी जेमतेम पाच फूट आहे. केस काळे दिसतात, ते सगाईसाठी आधीच रंगवले होते. दात सगळे माझे आहेत.

ता. क. दुसरा. शेजारी हेल्मेट घालून कोण उभं आहे, असं त्यांनी विचारलं तर खरं ते सांग. कापून पाठवणार होते, कात्रीही घेतली होती, पण माझा हात त्याच्या खांद्यावर आहे.

ता. क. तिसरा. हो म्हणाले तर फोन कर, मी पेरूखाली उभी राहून ओरडून बोलेन, ऐकू दे गावाला. नाही म्हणाले तर फोन करू नकोस, पत्र लिही. वारासिवनीहून पत्र यायला आठ दिवस लागतात. ते आठ दिवस मला पाहिजेत.