एकदाही न फसलेला माणूस

शिंदखेडा,
१७ जुलै १९९५

आदरणीय तोतारामभाऊंना रुपचंदचा वाकून नमस्कार.

तुमचं कार्ड परवा मिळालं. गुडघा अजून दुखतो हे वाचून वाईट वाटलं. एरंडाचं पान गरम करून बांधून पाहा. (माझ्या सल्ल्याला तुमच्या घरात सध्या किंमत नाही हे मला ठाऊक आहे, पण हे पान माझं नाही, एरंडाचं आहे.) सौ. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. माझ्याकडचं विचाराल तर दुकान ठीक आहे, म्हैस ठीक आहे. मी दोन्ही वेळा स्वतः शिजवलेली खिचडी खातो, ती ठीक नसते.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, पाइपवाली कंपनी पुढच्या वर्षी डीलरांना पुन्हा जहाजाच्या सहलीला नेणार, पिंपळनेरच्या एजन्सीवर तुमचाही नंबर लागेल असं दिसतं, तर तिकडच्या बंदरात परक्या माणसाला फसवतात म्हणे, काय काळजी घ्यावी? दुसरी, तुमची बहीण लता आखाजीच्या सणाला आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, आता आषाढ सरत आला तरी परत जायचं नाव काढत नाही, विचारलं तर उठून आत जाते, तर तिकडे नेमकं झालं काय? भाऊ, तुम्ही हे प्रश्न वेगवेगळ्या ओळींत लिहिलेत, पण मला त्यांचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल.

तुम्ही मला सत्तावीस वर्षं ओळखता. या गावात कोणाला फाटकी नोट खपवायची असेल तर तो माझं दुकान सोडून पुढे जातो. यंदाच्या सहलीला माझं जायचं ठरल्यावर मी धुळ्याला एका निवृत्त बँक मॅनेजरकडे मुद्दाम जाऊन आलो. ते मुलाकडे परदेशात जाऊन आलेले. त्यांनी सगळे प्रकार समजावून सांगितले आणि मी ते शाळेच्या वहीत उतरवून घेतले. टॅक्सीवाला मीटर बिघडलंय म्हणतो. एखादा माणूस हसत हसत मनगटाला रंगीत दोरा बांधतो आणि मग पैसे मागतो. एखादी बाई रस्त्यात सोन्याची अंगठी सापडल्याचं नाटक करते, ती अंगठी पितळेची असते. हॉटेलात दरपत्रक नसतं आणि नुसत्या चहाचं बिल पाहून माणूस खुर्चीतच बसून राहतो. निघताना दारात चपला घालत होतो तेव्हा ते आणखी एक बोलले, की तिकडे जो आपणहून आपल्याकडे धावत येईल तो चोर समजायचा. मी तिथेच उभ्या उभ्या वही उघडली, ते लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

लताने बंडीला आतून चोरखिसा शिवून दिला. तिचे दागिने मी कपाटात ठेवायला लावले, गळ्यात दोऱ्यात ओवलेले काळे मणी तेवढे.  तिने कधी समुद्र पाहिला नव्हता (नाशिकच्या पुढे मी तिला नेलंय कधी?), त्या आनंदात महिनाभर ती चटण्या कुटत होती. आईची नाकातली मोरणी मात्र तिने बटव्यात घालून कमरेला खोचून आणली होती. तुमच्या आईची, भाऊ. मला माहीत नव्हतं.

विमानाने तिकडे उतरून आम्ही जहाजात बसलो. जहाजावर आमच्या शेजारच्या खोलीत फैजपूरचे हनीफ शेख आणि त्यांच्या घरच्या खातूनभाभी होत्या. हनीफ पाइपाच्या धंद्यात मुरलेला, पण माणूस कसा, तर कोणी हसून बोललं की खिशात हात घालणारा. मी त्याला वही वाचून दाखवली. त्याने सगळी ऐकली आणि म्हणाला, “सेठ, इतना सब याद रखूँगा तो देखूँगा क्या?” मला त्याची कीव आली. लता आणि खातूनभाभी मात्र दोन दिवसांत अशी गट्टी जमवून बसल्या की दशम्या एकीच्या आणि लोणचं दुसरीचं.

चौथ्या दिवशी जहाज इटलीतल्या एका बंदराला लागलं. (नाव वहीत होतं.) सकाळी नऊला उतरायचं, संध्याकाळी पाचला जहाज सुटणार. उतरल्या उतरल्या टॅक्सीवाले पुढे झाले. मी लताचा हात धरून त्यांच्यामधून सरळ चालत निघालो. गावातला प्रसिद्ध चौक डोंगरावर आहे असं कळलं होतं, म्हणून आम्ही डोंगर चढलो. दीड तास. वर नुसती कबरस्तानाची भिंत होती. चौक खालीच होता, बंदरापासून दहा मिनिटांवर. परत उतरताना लताच्या नव्या चपलेने टाच सोलली, पण फसलो मात्र नव्हतो.

चौकात दोरेवाला भेटला, वहीत होता तसाच. लतासमोर येऊन त्याने लाल-पिवळा दोरा धरला आणि आमच्या या बाईने रक्षाबंधनाला भावापुढे धरावा तसा हात पुढे केला. मी तो दोरा तिच्या मनगटावरून उपटून त्याच्या अंगावर फेकला. तो हसत निघून गेला, लता नाही हसली. मग अंगठीवालीही आली, तिला तर मी वाकूनच दिलं नाही. दरपत्रक नाही म्हणून तीन हॉटेलं सोडली. दुपारचे तीन वाजत आले, लताला तहान लागली होती, आणि आम्ही एका चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो. समोरून घोडागाडी गेली. आत हनीफ आणि खातूनभाभी. दोघांच्या मनगटांना दोरे, भाभींच्या हातात आइस्क्रीम, हनीफच्या बोटात पितळेची अंगठी. त्याने अंगठी उंच करून मला दाखवली. मी तोंड फिरवलं.

पायऱ्यांच्या बाजूला एक छोटं सरबताचं दुकान होतं. साठीच्या आतबाहेरचा माणूस, जाड चष्मा, पोटाला पांढरं फडकं बांधलेलं. लता मला न विचारता उठली आणि ओंजळ तोंडाशी नेऊन तिने त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने तिला बाकावर बसवून मोठा पेला भरून दिला. तिने पैशाची खूण केली तर त्याने हात हलवून नको म्हटलं. मग छातीवर बोट ठेवून त्याने आपलं नाव सांगितलं. तिनेही छातीवर हात ठेवून “लता” सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. हे चालू असताना मी पायऱ्यांवरूनच तिला हाका मारत होतो, जरा जोरात. परक्याला नाव कशाला सांगायचं? ती उठून आली आणि आम्ही निघालो.

शंभर पावलं गेलो असू. मागून धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला, कोणी तरी ओरडत होतं, आणि एका हाताने लताचा खांदा धरला. भाऊ, मी वळून पाहिलंसुद्धा नाही नीट. माझ्या डोक्यात दोन रेघा मारलेली ओळ होती. हातातली छत्री मी फिरवली, ती त्याच्या तोंडावर बसली, चष्मा खाली पडून फुटला. मी त्याची कॉलर धरली आणि “थीफ, थीफ” असं ओरडायला लागलो. तो सरबतवाला होता. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. त्याने मूठ उघडली, तर मुठीत लताचा बटवा. पाणी पिताना तो दुकानाच्या बाकावर घसरून राहिला होता.

इथे एखादा शहाणा थांबला असता. पोलीस आला तेव्हा मी त्या मुठीकडे बोट दाखवून म्हणालो, बघा, माल त्याच्याच हातात आहे. माझं इंग्रजी त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण गळ्यात कॅमेरा अडकवलेला पाहुणा ओरडतोय आणि फडकं बांधलेला माणूस गप्प उभा आहे, एवढं त्याला पुरलं. त्याने बटवा माझ्या हातात दिला आणि त्या माणसाला दंडाला धरून चालवलं. लता दोघांच्या मधे आडवी झाली. ती अहिराणीत बोलत होती, हात जोडत होती, ती काय म्हणते ते त्या सबंध चौकात कळणारा माणूस एकटा मी होतो. शेवटी ती माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “तो देवाले उना व्हता, लेवाले नही. तुम्ही जाईसन सांगा.”

तो द्यायला आला होता, न्यायला नाही, हे तोवर मलाही कळलं होतं, भाऊ. खोटं कशाला लिहू? बटवा हातात घेतला तेव्हाच आत मोरणी लागली. नेणारा चोर ती परत घेऊन धावत येत नसतो. पण साडेतीन वाजले होते. चौकी कुठे ते माहीत नाही, भाषा येत नाही, पासपोर्ट चोरखिशात, पाचला जहाज. आणि इतक्या लोकांसमोर पुढे होऊन म्हणायचं, की मीच चुकलो. मी लताला म्हणालो, जहाज सुटेल.  मग तिने खाली वाकून चष्म्याची दांडी आणि काचा पदरात गोळा केल्या, मागे जाऊन दुकानाच्या टेबलावर ठेवल्या. आतून एक म्हातारी हात पुसत बाहेर आली होती, काय झालं ते तिला अजून कळलं नव्हतं. लता तिच्यापुढे उभी राहिली. मग ती परत आली आणि माझ्या पुढे पुढे जहाजाकडे चालायला लागली. सोललेल्या टाचेने इतक्या भराभर चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हनीफ आपण कुठे कुठे फसलो ते रंगवून सांगत होता आणि सगळे डीलर पोट धरून हसत होते. एकाने मला विचारलं, मालपुरे, तुम्ही? मी सांगितलं, मी एकदाही फसलो नाही. लता ताट तसंच ठेवून उठली. पुढचे सगळे दिवस ती खातूनभाभींच्या खोलीत होती. घरी आल्यावर स्वयंपाक करायची, वाढायची, विचारलं तेवढ्याला हो-नाही करायची. आखाजी आली आणि ती तुमच्याकडे आली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलंय असं समजा.

वहिनींनी पापड पाठवले ते पोचले. गुडघ्याला जपा.

आपला,
रुपचंद मालपुरे

ता. क. चोरखिसा शिवायचाच असेल तर बंडीच्या डाव्या बाजूला शिवा, उजव्या बाजूचा झोपताना टोचतो. ती वही मागू नका. मी ती पाणी तापवताना बंबात घातली.

दुसरा ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडून मी तिथल्या पोलिसांना पत्र लिहवून घेतलं, की त्या दिवशी धरलेला माणूस निर्दोष होता आणि चूक माझी होती. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात लिहिलंय की माणसाचं नाव कळवा, नावाशिवाय काही शोधता येत नाही. त्याचं पुढे काय झालं, त्याला सोडलं की नाही, दुकान चालू आहे का, काहीच त्यात नाही. नाव त्याने लताला सांगितलं होतं. मी तेव्हा तिला हाक मारत होतो, म्हणून मला ऐकू आलं नाही. हनीफ म्हणतो भाभींना लताकडून कळून ते पाठ आहे, पण तिला विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. एवढं नाव विचारून घ्या. पण मी विचारलंय असं सांगू नका. पुढच्या वर्षी तुम्ही जाणार आहात, तुम्हीच त्याला भेटून येणार आहात असं सांगा, म्हणजे ती लगेच सांगेल.

तिसरा ता. क. वरच्या शेवटच्या दोन ओळी मी खोडल्यात, तरी त्या वाचता येतात हे दिसतंय. तसं करू नका. तिला सरळ सांगा, रुपचंदने विचारलंय. ती नाही म्हणाली, तर तेही कळवा. कार्ड पुरेल.